व्हिक्टर बर्गर: दोनदा निवडून येऊनही सभागृहाबाहेर का राहिला?

प्रश्न असा आहे: ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या समाजवादी व्हिक्टर बर्गरला मतदारांनी निवडून दिलं, तरी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाने त्याला दोनदा दारातूनच परत पाठवलं. हे घडलं कसं? तो खरोखर देशविरोधी होता का? आणि एवढं होऊन तो पुन्हा खासदार कसा झाला?

तीन ओळींचं उत्तर सोपं आहे. पहिल्या महायुद्धाला त्याने उघड विरोध केला, त्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली, त्याच कारणाने सभागृहाने जागा नाकारली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि मतदारांनी त्याला परत पाठवलं. या काळातल्या अमेरिकी कामगार राजकारणाचा अभ्यास आणि अध्यापन मी बरीच वर्षं करतो आहे. माझा अनुभव असा की विद्यार्थी या तीन ओळींवर थांबतात आणि मग 'मतदार त्याच्यामागे एवढे ठाम का उभे राहिले?' या प्रश्नाशी अडखळतात. त्याचं उत्तर वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. ते मिलवॉकीत, बर्गरच्या छापखान्यात आणि वॉर्डांमध्ये आहे.

बर्गरचा जन्म १८६० चा, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातला, ज्यू कुटुंबातला. जन्मगाव आज रोमानियात येतं. बुडापेस्ट आणि व्हिएन्नाच्या विद्यापीठांत काही काळ शिकून तो १८७८ मध्ये अमेरिकेत आला आणि १८८१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला गेला. शहर दारूभट्ट्यांचं, कातडी कमावण्याचं, यंत्रं घडवण्याचं. रस्त्यावर इंग्रजीइतकीच जर्मन ऐकू यायची आणि दक्षिण भागात पोलिश. तिथे तो शाळेत जर्मन शिकवू लागला. मास्तरकी दहाएक वर्षं केली. त्याची बायको मेटा श्लिख्टिंग ही त्याची एकेकाळची विद्यार्थिनी. ती स्वतः १९०९ मध्ये मिलवॉकीच्या शालेय मंडळावर निवडून आली आणि तीस वर्षं तिथे राहिली. नवऱ्याची सावली म्हणून तिचा उल्लेख करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८९२ च्या अखेरीस बर्गरने नोकरी सोडली आणि एक जर्मन दैनिक ताब्यात घेऊन ते 'विस्कॉन्सिन फोरवेर्ट्स' या नावाने चालवायला घेतलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच. निवडणुका तो जिंकत-हरत राहिला, वृत्तपत्र मात्र मरेपर्यंत सोडलं नाही. जर्मन पत्राला जोडून १९०१ पासून इंग्रजी साप्ताहिक 'सोशल डेमोक्रॅटिक हेरल्ड' आणि १९११ च्या डिसेंबरपासून इंग्रजी दैनिक 'मिलवॉकी लीडर'. शहरातल्या कामगार संघटनांच्या महासंघाशी त्याने पक्की गाठ बांधली होती. त्याचं पत्र संघटनांचं अधिकृत मुखपत्र होतं आणि संघटनांचे पुढारी पक्षाचे उमेदवार. संपाचं काम संघटनेने पाहायचं, मतपेटीचं पक्षाने. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. अमेरिकेतल्या इतर शहरांत समाजवादी आणि कामगार संघटना एकमेकांशी भांडत बसल्या, तेव्हा मिलवॉकीत ही व्यवस्था टिकली. तिचं श्रेय मी बर्गरला देतो.

तो क्रांतीची वाट पाहत बसणारा नव्हता. जर्मनीत बर्नस्टाइन जे म्हणत होता, की समाजवाद निवडणुकीने, कायद्याने, पायरीपायरीने आणायचा, तेच बर्गर अमेरिकेत म्हणत होता. १८९४ च्या पुलमन रेल्वे संपानंतर त्या संपाचा पुढारी युजीन डेब्ज वुडस्टॉकच्या तुरुंगात होता, तेव्हा बर्गर त्याला भेटून मार्क्सचा ग्रंथ देऊन आला, हे डेब्जनेच पुढे सांगितलं आहे. दोघे १९०१ च्या सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिकाच्या संस्थापकांपैकी. पण डेब्ज सभा गाजवणारा आणि बर्गर याद्या करणारा. रविवारी सकाळी मिलवॉकीत कार्यकर्त्यांच्या टोळ्या गठ्ठे घेऊन निघत आणि घराघरांत पत्रकं टाकत. कोणत्या घरात कोणती भाषा बोलतात हे त्यांना ठाऊक असे, त्यानुसार जर्मन, पोलिश किंवा इंग्रजी पत्रक त्या दारात पडे. दोन दिवसांत अख्खं शहर पालथं घालण्याची ताकद या 'बंडल ब्रिगेड'मध्ये होती. एखाद्या वृत्तपत्राने सकाळी आरोप केला तर त्याचं उत्तर मतदाराच्या हातात त्याच आठवड्यात असे. १९१० ची तयारी अशी झाली होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये लाकडी नमुने घडवणारा कारागीर एमिल सायडेल महापौर झाला. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा तो पहिला समाजवादी महापौर. ३५ पैकी २१ नगरसेवक समाजवादी आले, त्यांत बर्गरही होता. नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनच्या पाचव्या मतदारसंघातून तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, गेला आणि तिथला पहिला समाजवादी खासदार ठरला. इंग्रजी तो अखेरपर्यंत जर्मन धाटणीने बोलला. सभागृहात त्याच्या पक्षाचा दुसरा माणूस नव्हता.

एकट्या खासदाराला काय करता येतं, याचा नमुना म्हणून त्याची १९११ ते १९१३ ही पहिली मुदत पाहावी. सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृहच, बरखास्त करा, असा ठराव त्याने मांडला. तो कुठे जाणार नाही हे त्यालाही माहीत होतं. वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचं विधेयक मात्र गंभीर होतं. वयाची साठ वर्षं पूर्ण केलेल्या गरजू माणसाला आठवड्याला ४ डॉलरपर्यंत. काँग्रेसमध्ये मांडलेल्या अशा प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या विधेयकांपैकी हे एक. त्यात एक विलक्षण कलम होतं: या कायद्याच्या वैधतेचा विचार सर्वोच्च न्यायालयाने करू नये. तेव्हाचं न्यायालय कामगारांच्या बाजूचे कायदे कसे मोडून काढतं हे त्याने पाहिलं होतं, म्हणून हा बंदोबस्त. विधेयक समितीतच राहिलं. वृद्धांच्या विम्याचा संघराज्याचा कायदा यायला १९३५ उजाडलं.

त्या मुदतीतलं त्याचं सर्वांत मोलाचं काम मला लॉरेन्सचं वाटतं. १९१२ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या कापड गिरण्यांत संप झाला. संपकऱ्यांची मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या कुटुंबांकडे पाठवलं जात होतं. २४ फेब्रुवारीला पोलिसांनी स्टेशनवरच आया आणि मुलांना अडवून मारहाण केली. बर्गरने चौकशीची मागणी लावून धरली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सभागृहाच्या नियम समितीसमोर गिरणीतली मुलंच साक्षीला आली. कमेला टिओली या मुलीची साक्ष मी प्रत्येक वर्गात वाचून दाखवतो. एक माणूस घरी आला आणि वडिलांना म्हणाला, ही कामाला का जात नाही? वडील म्हणाले, ती १३ ची आहे की १४ ची ते मला माहीत नाही. तो म्हणाला, मला ४ डॉलर द्या, ती १४ ची असल्याचे कागद जुन्या देशातून मागवतो. ती कामाला लागली आणि यंत्राने तिचे केस ओढून डोक्याची कातडी सोलून काढली. इस्पितळात किती दिवस, असं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, सात महिने. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट तेव्हा प्रेक्षकांत बसल्या होत्या. आठवड्याभरात गिरणीमालक पगारवाढीला तयार झाले. हा संप चालवणारी 'आयडब्ल्यूडब्ल्यू' (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) ही जहाल कामगार संघटना बर्गरला मुळीच मान्य नव्हती. त्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात तोडफोडीचं समर्थन करणाऱ्यांना बाहेर काढण्याच्या बाजूने तो उभा होता. तरीही मुलांचा प्रश्न त्याने सभागृहात नेला.

१९१२ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र आले आणि तो पडला. १९१४ आणि १९१६ मध्येही पडला.

आता युद्ध. अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी सेंट लुइसला समाजवादी पक्षाचं तातडीचं अधिवेशन सुरू झालं आणि त्या अधिवेशनाने युद्धाचा निषेध केला. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला. नाव हेरगिरीचं, पण त्यातली कलमं सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्या मजकुरावर आणि तो वाहून नेणाऱ्या टपालावर रोखलेली होती. ऑक्टोबरमध्ये पोस्टमास्तर जनरल आल्बर्ट बर्ल्सन यांनी 'लीडर'चा सवलतीच्या टपाल दराचा परवाना काढून घेतला. हा तपशील बहुतेक जण घाईत ओलांडून जातात. त्या काळी शहराबाहेरचा वाचक म्हणजे टपालाने अंक घेणारा वाचक. सवलत गेली की प्रत्येक अंकामागचा टपालखर्च कित्येक पट वाढतो आणि तो अंकाच्या किमतीतून भरून निघणं शक्य नसतं. छापण्यावर बंदी नाही, संपादकाला अटक नाही, कोणत्याही ज्यूरीने दोषी ठरवलेलं नाही, आणि तरी वृत्तपत्राचा गळा आवळला जातो. पुढे १९१८ मध्ये तर 'लीडर'च्या नावाने येणारी साधी पत्रंही पाठवणाऱ्यांकडे परत जाऊ लागली. वर्गणीचे पैसे, जाहिरातदारांची पत्रं, सगळं. शहरातले वर्गणीदार, कामगार संघटना आणि बाया-पोरांनी घरोघर फिरून गोळा केलेल्या देणग्या यांवर पत्र तगलं. बर्गरवर फौजदारी खटला व्हायच्या कित्येक महिने आधी सरकारने त्याच्या बळाचं मूळ ओळखून तिथे घाव घातला होता.

फेब्रुवारी १९१८ मध्ये त्याच्यावर आणि पक्षाच्या आणखी चौघांवर आरोपपत्र आलं. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे 'लीडर'मधले पाच अग्रलेख. आरोपपत्र डोक्यावर असताना त्याने एप्रिलमध्ये सिनेटची पोटनिवडणूक लढवली आणि विस्कॉन्सिनभर एक लाखाहून अधिक मतं, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त मतं मिळवली. नोव्हेंबरमध्ये, युद्धबंदीच्या काही दिवस आधी, तो प्रतिनिधीगृहावर निवडून आला. डिसेंबरात शिकागोला न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांच्यासमोर खटला सुरू झाला. लँडिस यांनी जर्मन-अमेरिकनांबद्दल आधीच काय उद्गार काढले होते, हे शपथपत्रावर मांडून आरोपींनी न्यायाधीश बदलून मागितला: या लोकांची मनं देशद्रोहाने बरबटलेली आहेत, अशा आशयाचे ते उद्गार. लँडिस यांनी अर्ज फेटाळला, खटला स्वतःच चालवला आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये पाचही जणांना २० वर्षांची शिक्षा सुनावली. बर्गर जामिनावर बाहेर राहिला.

मे १९१९ मध्ये नवं सभागृह भरलं. शपथ घ्यायला बर्गर उभा राहिला तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे फ्रेडरिक डॅलिंजर यांनी हरकत घेतली आणि त्याला बाजूला थांबायला सांगण्यात आलं. विशेष समिती बसली. तिने आधार घेतला चौदाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाचा. हे कलम यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या बंडखोरांसाठी लिहिलेलं. राज्यघटनेची शपथ एकदा घेतलेल्या माणसाने पुढे बंड केलं किंवा शत्रूला साहाय्य केलं, तर त्याला पुन्हा पद नाही. बर्गरने १९११ मध्ये खासदार म्हणून शपथ घेतली होती. ती नसती तर हे कलम लावताच आलं नसतं. १८९८ च्या माफीच्या कायद्याने हे कलम निष्प्रभ झालं, असा त्याचा बचाव होता. समितीने तो मानला नाही, कारण माफी मागच्या कृत्यांना होती, पुढच्यांना नव्हती. १० नोव्हेंबर १९१९ रोजी सभागृहाने जवळजवळ एकमुखाने त्याला अपात्र ठरवलं. विरोधात एकच मत पडलं, विस्कॉन्सिनच्याच एडवर्ड व्हॉइट या रिपब्लिकनाचं. तोही जर्मनीत जन्मलेला.

१९ डिसेंबरला पोटनिवडणूक झाली. दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला. आदल्या वर्षी तिरंगी लढतीत जिंकलेला बर्गर या वेळी सरळ लढतीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन आला. मतदारांत जर्मन होतेच, पण फक्त जर्मन अस्मितेवर हे होत नाही. ज्यांच्या वॉर्डात समाजवादी नगरसेवक सांडपाण्याच्या नळाची तक्रार ऐकून घेतो, ज्यांच्या संघटनेच्या बातम्या 'लीडर'शिवाय कुणी छापत नाही, त्यांना वॉशिंग्टनहून आलेला 'हा तुमचा प्रतिनिधी चालणार नाही' हा निरोप अपमानाचा वाटला. १० जानेवारी १९२० रोजी सभागृहाने त्याला पुन्हा नाकारलं, ३३० विरुद्ध ६ मतांनी. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या विधानसभेने पाच समाजवादी आमदारांना निलंबित केलं होतं. मिलवॉकीची जागा त्या मुदतीत रिकामीच राहिली.

सुटका झाली ती ३१ जानेवारी १९२१ ला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अग्रलेखांवर नव्हता, हे नीट समजून घ्या. युद्धविरोधी लिहिण्याचा हक्क बर्गरला न्यायालयाने दिलेला नाही. पूर्वग्रहाचं रीतसर शपथपत्र आल्यावर न्यायाधीशाने त्यातली कारणं पुरेशी आहेत का एवढंच पाहायचं, ती खरी की खोटी हे ठरवून स्वतःच खटला चालवायचा नाही, एवढ्या मुद्द्यावर शिक्षा रद्द झाली. पाच आठवड्यांनी टपाल परवान्याच्या खटल्यात 'लीडर' मात्र हरलं; न्यायमूर्ती ब्रँडाइस आणि होम्स या दोघांनीच वेगळं मत नोंदवलं. नवं प्रशासन आल्यावर परवाना परत मिळाला आणि १९२२ मध्ये सरकारने उरलेले आरोप मागे घेतले. त्याच वर्षी बर्गर जिंकला, १९२४ आणि १९२६ मध्येही जिंकला, आणि या वेळी कुणी हरकत घेतली नाही. १९२८ मध्ये थोडक्यात हरला. पुढच्या जुलैत ट्रॅमची धडक बसली आणि ७ ऑगस्ट १९२९ रोजी तो वारला.

देशविरोधी होता का, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. त्याने शत्रूशी संधान बांधल्याचा पुरावा खटल्यातही नव्हता. होते ते छापलेले अग्रलेख, जे कुणीही विकत घेऊन वाचू शकत होता. जर्मन संस्कृतीचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने लपवला नाही. १९०९ मध्ये समाजवादी मतदाराने घरात चांगली रायफलही बाळगावी, असं लिहून त्याने विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं होतं, हेही खरं. पण ज्याने हयात मतपेटीवर घालवली त्याला त्या एका लेखावरून जोखणं अन्याय आहे.

हुतात्मा म्हणून त्याची पूजा करणाऱ्यांनाही मला थांबवावंसं वाटतं. १९०२ मध्ये त्याने 'हेरल्ड'मध्ये कृष्णवर्णीयांना खालच्या दर्जाचा वंश म्हटलं. आशियाई स्थलांतरितांना तर दारातच अडवावं, हे त्याचं ठाम मत. १९१० च्या शिकागोतल्या पक्ष अधिवेशनात समितीच्या बहुमताच्या अहवालाने चिनी, जपानी, कोरियन आणि 'हिंदू' यांना सरसकट बंदी मागितली, आणि बर्गर त्या बाजूला होता. तेव्हाच्या अमेरिकेत हिंदू म्हणजे कुठलाही भारतीय. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत राबणारे पंजाबी शीख त्यात आले आणि त्याच किनाऱ्यावर कष्ट करून शिकणारे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही आले. न्यूयॉर्कच्या मॉरिस हिलक्विटने, तोही रीगाहून आलेला स्थलांतरित, मधला मार्ग काढणारा ठराव मांडला आणि तो जेमतेम मतांनी संमत झाला. स्वतः परका म्हणून सोसलेल्या माणसाने दुसऱ्या परक्यांसाठी दार लावून घ्यावं, हे मला त्याच्या चरित्रातलं सर्वांत खेदाचं पान वाटतं. स्वस्त मजुरीच्या भीतीने कामगार संघटना तेव्हा अशाच बोलत, हे कारण झालं; समर्थन नाही. कारण त्याच पक्षात डेब्जने बहिष्काराच्या या भाषेवर कडक टीका केली होती.

आज असं होऊ शकतं का, हाही प्रश्न मला नेहमी येतो. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांना सभागृहाने असंच बाहेर ठेवलं, तेव्हा १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वय, नागरिकत्व आणि राज्यातलं वास्तव्य या घटनेतल्या अटी पुऱ्या करणाऱ्या निवडून आलेल्या माणसाला सभागृह प्रवेश नाकारू शकत नाही. बर्गरला नाकारलं होतं ते मात्र चौदाव्या दुरुस्तीचं नाव घेऊन, आणि तो मार्ग पॉवेल निकालाने बंद केलेला नाही. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीवरून हेच कलम पुन्हा न्यायालयात आलं, तेव्हा संघराज्याच्या पदांसाठी ते राज्यांना परस्पर लावता येणार नाही, एवढं ठरलं. काँग्रेसच्या हातातून ते गेलेलं नाही.